सोमवारची ड्युटी

शनिवारी दुपारी ज्योत्स्ना निपाणीच्या घरी पोचली, तेव्हा आई, गंगव्वा, पायरीवर बसून लसूण सोलत होती आणि पेमा, भाऊ दीपंकरची बायको, तिच्यापुढे उभी राहून नवा युनिफॉर्म दाखवत होती. आकाशी रंगाचा, खिशावर हॉस्पिटलचं नाव शिवलेला.

"मागं फिर," गंगव्वा म्हणाली.

पेमा फिरली.

"खांद्यात ढगळ हाय. काढून ठेव, टाके मारतो."

"सगळ्यांना तसलाच देतात, आई."

"देऊ देत. माझी सून काय पोतं घालून जाणार व्हय कामाला?"

आतून, खाटेवरून, आप्पांचा आवाज आला, "पोतं तर पोतं! पर्मनंटचं पोतं हाय ते." पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात कामातून गेला होता आणि जीभही थोडी जड झाली होती, पण मध्ये बोलायची सवय काही सुटली नव्हती.

पर्मनंट हा शब्द त्या आठवड्यात घरभर फिरत होता. पेमाचा जन्म मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतला. नर्सिंग शिकून तिने नोकऱ्या पुष्कळ केल्या, पण प्रत्येक नोकरी वर्षाची. दर वर्षी निर्वासितांच्या नोंदणीचं पुस्तक घेऊन पोलिसांच्या ऑफिसात जायचं, आणि शिक्का मिळेपर्यंत आपली जागा दुसऱ्याला गेली नसली म्हणजे मिळवली. बेंगळुरूच्या एका मॅनेजरने तिला परदेशी स्टाफमध्ये धरलं होतं. पगार मात्र सगळ्या देशी बायकांपेक्षा कमी. निपाणीतल्या नर्सिंग होममध्ये, कोरोनाच्या दिवसांत, एका म्हातारीने तिच्या हातून सुई टोचून घ्यायला नकार दिला. "चायनावाली नको मला." पेमा म्हणाली, "निपाणीवाली चालंल?" म्हातारीने तिच्याकडे टक लावून बघितलं आणि दंड पुढे केला. मग खूप खेटे घालून भारतीय पासपोर्ट झाला, आणि बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथेही एका बाईंनी विचारलंच, "तुम्ही परत तर जाणार नाही ना?"

"कुठं?" पेमाने विचारलं.

बाईंनी पुढचा कागद उलटला. जागा मिळाली. येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

"तुझ्या आईला सांगितलंस?" गंगव्वाने विचारलं. लसणावरची नजर न काढता.

"फोन केला. बेळगावला स्टॉल लागलाय त्यांचा, स्वेटरचा. तिथंच आहे आता सीझन संपेपर्यंत."

"हं," गंगव्वा म्हणाली आणि पुढची कुडी घेतली.

पेमा कपडे बदलायला आत गेली, तसं गंगव्वाने आवाज खाली आणला. ज्योत्स्नाला कळलं की आता तंबाखूच्या वखारीचं येणार. ती गोष्ट तिने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली होती की कुठल्या वाक्याला आई थांबेल तेही ठाऊक होतं.

"पोरीबद्दल माझं काय म्हणणं न्हाय. सोन्यासारखी हाय. पर हिच्या आईनं मला काय केलंतं ते मी मरंपर्यंत विसरणार न्हाय. लुधियानाहून स्वेटरचा ट्रक आलाच न्हाय त्या साली. विकायला एक मफलर नव्हता बाईकडं. ही पेमा पाठीला बांधलेली. आपल्या मागच्या खोलीत भाड्यानं ऱ्हायची, चूल पेटत नव्हती. मी मुकादमाच्या हातापाया पडून तिच्यासाठी चाळणीवर जागा मागितली. का? तर ती बी बुद्धाची, आपण बी बुद्धाचे. आली. वखारीच्या दारात उभारली. मी एक मूठ तंबाखू तिच्या हातात दिली, बघ म्हटलं, असं चाळायचं. तिनं टाकली खाली. नळावर गेली आणि हात धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले. सगळ्या वखारीसमोर. आणि निघून गेली." आई थांबली. "हात धुणारी माणसं मी लई बघितल्यात गं. पर ती परकी होती. त्यांचं वाईट वाटायचं न्हाय."

या एका नळापायी आईने दीपंकरचं लग्न सहा वर्षं अडवून धरलं होतं. लग्न झाल्यावर मात्र सुनेला कधी त्याबद्दल एक शब्द ऐकवला नव्हता. विहीणबाईंशी चार वर्षांत चार वाक्यंही बोलली नव्हती.

संध्याकाळी आईने तिला डब्यात लसणाची चटणी दिली, झाकण दाबून बघितलं, "बसमध्ये आडवी ठेवू नकोस" असं सांगितलं. ज्योत्स्ना बेळगावला परतली. कॉलेजचे पेपर तपासायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिऊन कप खाली ठेवताना, गंगव्वा भिंतीला टेकली ती टेकलीच.

*

आठ दिवसांनी रविवारी गंगव्वाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं, पाहुण्यांनी फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, गंगव्वाबरोबर वखारीत काम केलेल्या दोन म्हाताऱ्या बायका उभ्या राहून तिच्याबद्दल बोलल्या. पेमा पांढऱ्या साडीत सगळ्यांना पाणी देत फिरत होती. तिला ठाऊक होतं की बायका तिच्या डोळ्यांकडे बघत आहेत.

"सासू एवढी जीव लावायची, आणि हिच्या डोळ्याला टिपूस न्हाय," मागे कोणीतरी म्हणालं. हळू म्हणालं, पण ऐकू येईल इतकंच हळू.

पेमाच्या माहेरी सांगायचे की गेलेल्या माणसासाठी रडलं, तर त्याच्या वाटेवर गारा पडतात. या घरात तसलं कोणी मानत नव्हतं. माणूस गेला की गेला, त्याचं काम मागे उरतं, असं आप्पा सांगायचे. पेमाला आप्पांचं म्हणणं पटायचं. तरीही ती रडली नाही. गारा पडत असतील तर उगीच कशाला, एवढंच तिच्या मनात होतं. पहाटे ती स्वयंपाकघरात तुपाचा एक लहान दिवा लावायची, आणि आप्पा उठून बसलेले असले तरी बघून न बघितल्यासारखं करायचे.

तिची आई यांगचेन सकाळच्या बसने आली होती. शेजारच्या स्टॉलवालीला दुकान बघायला सांगून, एका दिवसासाठी. तिने गंगव्वाच्या फोटोला पांढरा रेशमी खाता, तिबेटी मानाचा दुपट्टा, घातला, हात जोडले, आणि कोणी काही विचारायच्या आत स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला बसली. सत्तरीला टेकलेली बाई. लहानपणी आईबापाबरोबर डोंगरातल्या रस्त्यांवर खडी फोडलेली, मग मुंडगोडला जंगल तोडून मका लावलेली, मग चाळीस हिवाळे उभ्याने स्वेटर विकलेली. तिला रिकामं बसता यायचं नाही.

जेवणं झाली. पाहुणे गेले. घरात उरले ते घरातले.

"आता कामाचं बोलू," शामूमामा म्हणाला. गंगव्वाचा धाकटा भाऊ, वखारीत वजनकाट्यावर उभं राहून म्हातारा झालेला. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. तो टोपी काढायचा तेव्हा लांबणार हे सगळ्यांना कळायचं. "दाजींचं काय करायचं?"

"दाजी हितंच बसलाय," आप्पा म्हणाले. "दाजीलाच विचार."

"तुम्ही गप बसा हो. तुमचं सकाळचं इंजेक्शन, जेवण, अंघोळ, मधनंच तोल जातोय, हे सगळं आक्का बघायची. दीपू कोगनोळीला शाळेत शिकवायला. मग दिवसा घरात कोण?" त्याने पेमाकडे बघितलं नाही. आढ्याकडे बघितलं. "नर्स तर घरातच हाय आपल्या."

पेमाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मामा, मला उद्या हजर व्हायचंय."

"व्हय, ऐकलंय. नोकऱ्या काय, येत्यात जात्यात."

"माझ्या फक्त जातच होत्या," पेमा म्हणाली.

*

दीपंकरने हे ऐकलं आणि मान खाली घातली. पोलिसांच्या ऑफिसातल्या त्या बाकावर पेमाबरोबर तो किती वेळा बसला होता. एकदा तिथल्या माणसाने विचारलं होतं, "ही तुझी कोण?" आणि तो "बायको" म्हणाल्यावर त्याने पेमाकडे न बघता दीपंकरला सांगितलं होतं, "मग घरी ठेव की. नोकरी कशाला पाहिजे?" त्या दिवशी दीपंकर भांडला होता. मग आज तोंड का उघडत नव्हतं?

कारण सकाळी आप्पांना अंघोळ घालताना ते घसरले होते. त्याच्या हातातून. लागलं काही नव्हतं, पण ते निसटणं त्याला अजून हातात जाणवत होतं.

"पेमा," तो म्हणाला, "त्यांना सांगून थोडं पुढं ढकलता येईल का? दोन-तीन महिने. तोवर बाई शोधू आपण."

पेमाने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. आपला माणूस उठून समोरच्या बाकावर जाऊन बसावा, तसं.

"उद्या गेले नाही तर ती जागा दुसरीला जाईल. पुढच्या वेळी ते मला बोलावणार नाहीत, दीपंकर. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक हाय गं. पर आप्पा..."

"आप्पाला पुढं करू नकोस," आप्पा म्हणाले. "मी एकटा ऱ्हातो. डबा लावा, बास."

"आणि पडलात तर?" मामा उसळला. "दार कोण उघडणार? आणि आक्का, तू काय बोलंनास?" तो वळला ज्योत्स्नाकडे, आपल्या बहिणीला आक्का म्हणायचा तसाच भाचीलाही म्हणायचा. मग स्वतःच हात झटकला. "तुझं सोड. तुला माणसं सोसत न्हाईत. तुझी ती टिळकवाडीची खोली, पुस्तकं आणि तू. बरं हाय ते. तुझ्याकडनं कुणाची अपेक्षा न्हाय."

ज्योत्स्ना भिंतीशी बसली होती. ती किंचित हसली. या वाक्यावर ती नेहमीच हसायची, आणि लोकांना ते होकारासारखं वाटायचं.

"कामाला कमीपणा नसतो पोरी," मामा आता पेमाकडे वळला, आणि त्याचा आवाज चढला. "घरचं काम काय हलकं हाय? माझ्या बहिणीनं जन्मभर तंबाखू चाळली. छातीत धूळ घेऊन ही भिंत बांधली. आणि त्याच कामाला तुझ्या आईनं..."

"मामा," दीपंकर म्हणाला.

"का? बोलू नको? सगळ्या निपाणीला म्हायती हाय! मी काट्यावर होतो, या डोळ्यांनी बघितलंय. आमच्या हातची मूठ टाकून दिली आणि हात धुतले बाईनं. आमचं काम बाटवतं व्हय तुम्हास्नी? मग आमच्या घरची भाकरी कशी चालती?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

*

यांगचेन हात पुसत दारात आली. तिला मराठी बाजारात लागेल तेवढं यायचं, आणि ते ती मोठ्याने बोलायची, कारण बाजारात तसंच बोलतात.

"भाऊ, मी ऐकला. मी बोलू?"

मामाने टोपी उचलून पुन्हा ठेवली. "बोला की. तुमचंच घर हाय."

"त्या दिवशी मी हात धुतला. खरं आहे. दोन वेळ धुतला." ती खाली बसली, मांडीवर हात ठेवून. "तंबाखू आमचा धर्मात लई मोठा पाप. दारू पेक्षा मोठा. माझी आजी सांगायची, तंबाखूचा वास आला तर देव घर सोडून जातो. आम्ही तिकडून सगळं सोडून आलो, घर, याक, सगळं. देव पण गेला तर मग काय राहिला? पाठीवर ही होती, लहान. मला भीती वाटला. तिला वास लागेल. मी हात धुतला."

तिने दोन्ही तळहात पुढे धरले.

"गंगव्वाबाईचा हात मी नाही धुतला," यांगचेन म्हणाली. "तंबाखू धुतला. पण सांगायला मराठी नव्हता. 'स्वेटर', 'एक भाव', 'मोठा साइज', एवढंच येत होता. मी घरी जाऊन रडला. एवढा चांगला बाई, मला काम आणून दिला, आणि मी पळून आला. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेला. तिने दार लावून घेतला. मला वाटला, तिचं काम सोडला म्हणून राग. बरोबर आहे राग. मी पुढचा हिवाळा दुसरीकडे खोली घेतला."

मामा पुढे झुकला. त्याचे ओठ हलत होते. "म्हंजे..." तो म्हणाला. "म्हंजे तंबाखू कुणाच्या बी हातची असती, अगदी बामणाच्या हातची..."

"धुतला असता," यांगचेन म्हणाली. "दलाई लामाने दिला तरी धुतला असता. पण ते देणार नाही."

आप्पांच्या घशातून आवाज आला. आधी सगळ्यांना वाटलं की त्यांना ठसका लागला. ते हसत होते. डाव्या हाताने डोळे पुसत, अर्ध्या तोंडाने.

*

हसू ओसरलं तसं आप्पांना एकदम जड वाटलं. गंगव्वाचा तो राग त्यांनी तिच्या शेजारी झोपून वर्षानुवर्षं ऐकला होता. उद्यमबागच्या फाउंड्रीत ते साचे भरायचे. तिथे पाण्याच्या माठाला वेगळा पेला ठेवणारे लोक त्यांनीही बघितले होते, पुढे त्याच लोकांवर फोरमन झाले आणि विसरून गेले. गंगव्वा विसरायची नाही. आणि तिचं सगळ्यात जिव्हारी लागलेलं दुखणं नुसती एक गैरसमजूत होती. ती गैरसमजूत उराशी घेऊन ती गेली.

"तिला हे कळायला पायजे होतं," ते म्हणाले. "आठ दिवस आधी कळलं असतं तरी चाललं असतं."

"कळलं होतं, आप्पा," पेमा म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"त्याच शनिवारी. ज्योत्स्नाक्का बेळगावला गेल्यावर. तुम्हाला डोळा लागला होता. आई माझ्या युनिफॉर्मला टाके मारत होत्या आणि त्यांनी पहिल्यांदा मलाच विचारलं. 'तुझ्या आईनं त्या दिवशी हात का धुतले, ते तुला म्हायती हाय का गं?' मला हे ठाऊकच नव्हतं. कोणी कधी बोललंच नव्हतं माझ्यासमोर. मी विचारलं, कुठं, कशाला. त्यांनी सगळं सांगितलं. आणि मी म्हटलं, आई, तंबाखू होती ना? आमच्याकडं कोणी हात नाही लावत तंबाखूला. माझ्या मामानं एकदा बिडी ओढली, तर आजीनं त्याला महिनाभर देवघराच्या खोलीत येऊ दिलं नव्हतं."

"मग?" मामाने विचारलं. "काय म्हणाली?"

"आधी काहीच नाही. सुई तशीच धरून बसल्या. मग हसायला लागल्या. इतक्या हसल्या की मी पाणी आणलं. म्हणाल्या..." पेमाने पदर हातात घेतला. "म्हणाल्या, 'आगं, मग माझ्यापरीस शहाणीच निघाली की ती. मी जन्मभर चाळली आणि छातीचं खोकं करून घेतलं.' आणि म्हणाल्या, 'सोमवारी मला बेळगावला ने. तिच्या स्टॉलवर बसतो दिवसभर. गिऱ्हाइकाशी मराठीत भांडायला कोणतरी पायजे तिला.'"

यांगचेनने तोंडावर हात ठेवला.

आणि तेव्हा पेमा रडली. गारा पडोत न पडोत. खाली बसून, पांढऱ्या पदरात तोंड घालून, मोठ्याने रडली, आणि शामूमामाने उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला काय बोलावं कळेना, म्हणून तो नुसता "व्हय, व्हय" म्हणत राहिला. आप्पांनी खाटेच्या काठाला टेकून श्वास सोडला. आतून एक फळकुट कोणीतरी काढून घ्यावं आणि माणसाला सरळ बसता यावं, तसं त्यांना वाटत होतं. हसत गेली तर. चहा पिऊन, वैर टाकून.

"पेमा कामाला जाणार," मामा एकाएकी म्हणाला, जणू कोणी दुसराच इतका वेळ विरोध करत होता. "उद्याच जाणार. मी येतो हितं ऱ्हायला."

"तू?" आप्पा म्हणाले. "तुला चहा करता येतो का रं?"

"शिकतो."

"तवर मी काय पिऊ?"

"मी राहते," यांगचेन म्हणाली.

*

ज्योत्स्नाने मान वर केली.

"मी राहते इथे," यांगचेन पुन्हा म्हणाली. "आप्पाजीचं जेवण, औषध, सगळं मी करतो. पेमा ड्युटीला जाईल. या वर्षी स्टॉल नाही करणार. काय होतं त्यात? म्हातारी झाली मी."

"आमा, नको," पेमा आईला म्हणाली. तिने डोळे पुसले. "एक सीझन बसली नाहीस तर जागा जाते. आपल्या असोसिएशनमध्ये दर वर्षी चिठ्ठ्या टाकतात," ती बाकीच्यांना सांगू लागली, "कुणाला कोपऱ्यावरचा स्टॉल मिळतो, कुणाला आतला. पण चिठ्ठीत नाव घालायला मागचा सीझन पूर्ण बसलेलं लागतं. नाही बसलं तर नाव कापतात. बाहेर कितीतरी लोक वाट बघत असतात."

"कापू दे."

"चाळीस वर्षांची जागा आहे ती!"

"जागा काय," यांगचेन म्हणाली. "जागा आम्हाला सोडायची सवय आहे."

ती सहज बोलली होती. स्वेटरची घडी घालावी तसं. पण दीपंकर उठून उभा राहिला, मग परत बसला. पेमाने आईचा हात धरला, आणि त्या दोघींपैकी कोण कोणाला अडवतंय ते कळेना. मामा पुन्हा टोपीशी खेळू लागला.

ज्योत्स्ना त्यांच्याकडे बघत होती. एक बाई उद्या कामावर जाऊ शकावी म्हणून दुसरी बाई आपलं काम सोडायला निघाली होती, आणि सगळ्या घराला ते कठीण वाटत होतं, पण अशक्य वाटत नव्हतं. तिच्याकडे कोणी वळलंसुद्धा नाही. का वळावं? तिची नोकरी कुणी कधी मागितली नव्हती, तिचा वेळही मागितला नव्हता. सगळ्यांनी तिला तिच्या शांततेसाठी मोकळी सोडली होती, आणि ती त्यांनी प्रेमाने केलेली गोष्ट होती. कॉलेज दुपारी सुटतं. टिळकवाडीतलं घर तळमजल्यावर आहे. समोर बाग, जवळच फिजिओथेरपीवाला. पेमाचं हॉस्पिटल तिथून रिक्षाच्या अंतरावर. हे सगळं तिला मघापासून दिसत होतं, इतकं सरळ की बोलायला लाज वाटावी. सकाळच्या चार-पाच तासांना बाई ठेवता येईल. पेमाला रात्रपाळी असेल तेव्हा तिथेच झोपता येईल. दीपंकरला शनिवारी येता येईल.

"आप्पा माझ्याकडे येतील," ती म्हणाली.

आवाज लहान होता. मामाने ऐकलं नाही. तो यांगचेनला समजावत होता. तिने पुन्हा म्हटलं.

"मामा. आप्पा माझ्याकडे राहतील, बेळगावला. पेमा उद्या ड्युटीला जाईल आणि मावशी स्टॉलवर."

सगळे तिच्याकडे वळले. तिने हिशोब मांडावा तसं सगळं सांगितलं, कॉलेजची वेळ, तळमजला, बाई, रात्रपाळी. दीपंकर ऐकता ऐकता सरळ होत गेला. पेमाने आईचा हात सोडला. यांगचेनने मामाला विचारलं, "काय म्हणते?" आणि मामाने तिला हिंदीत सांगितलं, आणि तिने दोन्ही हात कपाळाला लावले.

"पर तुला जमंल का गं, आक्का?" मामा म्हणाला, आता अगदी मऊ आवाजात. "उगंच सगळ्यांसाठी जीवावर उदार होऊ नको. तुझी शांतता, तुझं लिहिणं-वाचणं..."

"तेच म्हणतो मी," आप्पा म्हणाले. त्यांनी डाव्या हाताने तिला जवळ बोलावलं. ती जाऊन खाटेशी बसली. "मी लई बोलतो पोरी. सकाळपासनं बोलतो. रेडिओ लावतो. रात्री उठून पाणी मागतो. तुझी आई वैतागायची. तू एकटी छान राहिलीस इतकी वर्षं. माझ्या पायी ते मोडू नको. उपकार म्हणून नेऊ नको मला."

कॉलेजात, सभेत, घरी, ज्योत्स्ना नेहमी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ बोलायची. आई गमतीने म्हणायची, हिचं बोलणं इस्त्री करून येतं. आता तिने वाक्य जुळवायला घेतलं. दर संध्याकाळी कुलूप उघडून आत पाऊल टाकताना काय वाटतं, दिवा लावायच्या आधी ती क्षणभर का थांबते, रविवारी रात्रीची शेवटची बस पकडताना दर वेळी मागे वळून का बघते. जुळेना. तिने आप्पांचा निकामी हात हातात घेतला.

"उपकार न्हाय, आप्पा," ती म्हणाली. "मला एकटीला करमत न्हाय तिथं. कधीच करमलं न्हाय."